सीयूजीची नळी

मॅडम, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही फिटलेला नाही. माझी ती नळी तुम्ही खरंच मळलेली म्हणून बाजूला टाकलीत, की मी बरोबर निघाले असते तर तुमचं शिकवणं खोटं पडलं असतं म्हणून? प्रथिन बनवायला पेशी एयूजी ह्या तीन अक्षरांपासूनच सुरुवात करते, हे तुम्ही फळ्यावर इतकं दाबून लिहायचात की खडू मोडायचा. मी त्या एयूजीच्या जागी सीयूजी घातलं आणि मागे काजव्याचं चमकणारं प्रथिन जोडलं. सुरुवातच पुसली म्हटल्यावर उजेड पडायला नको होता. मंद का होईना, पडला. अजून दिसतं, तुम्ही कॉफीचा लोटा हातात घेऊन माझ्या शेजारी उभ्या आहात. "सरी," तुम्ही तुमच्या कानडीत 'ठीक आहे' म्हणता, "पण स्वल्प थांब गं. मूळ एयूजीवाल्या डीएनएचा थेंब ह्यात पडला असला, तरी एवढा उजेड पडतो." "पण मॅडम, बाहेर अशी उदाहरणं सापडलीत." "असतील अपवाद. आपल्या नळीत नाही."

तुमचा स्वभावच तसा. माझ्या रॅकमध्ये तुम्ही न सांगता तुमची एक रिकामी नळी सरकवून ठेवायचात, तिच्यातही मला उजेड 'दिसतो' का ते पाहायला. कळलं तेव्हा मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. "तुझ्यावर नाही, तुझ्या हावेवर डोळा ठेवते," म्हणालात. मला ते तेव्हाही पटलं नाही. लॅब सोडताना मात्र स्वतःचं लाल टेपवालं पिपेट मला दिलंत, आणि वर बजावलंत, कुणाला हात लावू देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी समोर येऊन उभी राहिली. कोरमंगलाच्या पीजीत राहते, मूळची नागपूरची. तेच जनुक, तेच सीयूजी, तसाच मंद उजेड. तिचा सगळा प्रबंध त्यावर अडलाय. सीयूजीही काढलं की अंधार होतो, हेसुद्धा तिने दाखवलं. तरी माझ्या तोंडून निघालं, स्वल्प थांब. आणि तिच्या रॅकमध्ये मी एक नळी सरकवली. तिने ती लगेच ओळखली. "मॅम, ही तुमची ना? माझ्यावर डाऊट आहे का?" मला नाही म्हणता आलं नाही. तिला अडवायचं की जाऊ द्यायचं ते कळेना, तेव्हा फ्रीजरच्या तळातून माझी जुनी नळी काढली आणि तिच्यातल्या डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला बोम्मसंद्रातल्या एका प्रयोगशाळेकडे पाठवली.

आज उत्तर आलं. नळी स्वच्छ आहे. मूळ डीएनएचा मागमूस नाही. मी तिला बोलावून सांगितलं, लिही प्रबंध. ती हसली, पण जाताना आपला रॅक बरोबर घेऊन गेली. संशय असा लागतो, मॅडम.

खरं तर मी आज मिरवायला हवं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर सांगून टाकते: ती नळी मळलेली निघावी असं मला वाटत होतं. तुम्ही बरोबर निघायला हव्या होतात. माझ्या नळीतला उरलेला थेंब मी मघाशीच दुसरीकडे तपासायला पाठवलाय. तिला सांगितलेलं नाही.