बाजेखालची शेगडी

सोमवार, २५ एप्रिल १९८३

घोंगडी गरम असते म्हणे!

चौदा मुलींपैकी बारा जणींनी हात वर केले. मागच्या वर्षी दहावीला विज्ञानात आपटलेल्या पोरी. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं म्हणून सकाळी सातला आमच्या ओट्यावर येतात. मी निवृत्त झाले, यांचं अज्ञान काही निवृत्त होत नाही.

तापमापक घोंगडीत गुंडाळून ठेवला. बऱ्याच वेळाने सगळ्यांसमोर काढला. पारा होता तिथेच. तर चांगुणा म्हणते, "बाई, तुमची घोंगडी लई जुनी हाय. नवी घ्या, मग बघा." हसावं की डोकं आपटावं!

"घोंगडी उष्णता तयार करत नाही, अडवते. आतली आत, बाहेरची बाहेर." फळ्यावर लिहिलं. चौदा जणींनी उतरवून घेतलं. उतरवून घेतलं म्हणजे कळलं, असा या गावाचा समज आहे.

महानंदा दाराआड बसून ऐकत होती. माझी भाची, माझ्या भावाची, अमृतरावाची थोरली. पहिलं बाळंतपण, म्हणून उदगीरहून माहेरी आली आहे. मुली गेल्यावर म्हणाली, "आत्या, मी सांगितलं असतं बरोबर." सांगितलंच असतं. शाळेत माझ्याच वर्गात होती. उष्णतेच्या धड्यात तिचा एक गुण मला कधी कापता आला नाही.

२७ एप्रिल

टँकर आला नाही. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांवर पाट्या चढल्या, साहेबांना जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं.

शनिवार, ३० एप्रिल

महानंदा सुटली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दवाखान्यात न्या म्हणून मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते. माझ्या भावजयीने, उमाबाईने, ऐकलं नाही. सरजाबाई सुईणीला बोलावलं. सरजाबाईचा हात हलका आहे, हे मान्य करते. पण नाळ कापायच्या आधी कात्री उकळून दिली ती मी. "उकळी फुटली की काढा की अक्का, कशाला उगं रॉकेल जाळून राहिल्या," म्हणाली. उकळी फुटल्यावरही ठेवायची असते, म्हटलं. तर, "जाळ मोठा करा मंग, पाणी अजून तापंल." उकळलेलं पाणी त्याहून तापत नाही, बाई! कितीही जाळ घाल! पण कुणाला सांगते?

अमृतराव दालमिलमधून येताना पेढे घेऊन आला. डोळे भरले होते त्याचे.

१ मे

जंगमस्वामी येऊन आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बाळाला लिंग बांधून गेले. ते खोलीबाहेर पडले आणि खोली बंद झाली.

बंद म्हणजे बंद. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. महानंदाच्या कानाला फडकं, अंगात लोकरीची बंडी, वर घोंगडी, पायात मोजे. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी. पाणी मागितलं की कोमट, तेही घोटभर. लातूरचा मे महिना! मी तापमापक घेऊन आत गेले. ओट्यावर सावलीत एक्केचाळीस अंश होतं. खोलीत चव्वेचाळीस.

उमाबाईला दाखवलं. ती पाऱ्याकडे बघायलाही तयार नाही.

"अक्का, तुमचं पुस्तक खरं हो. पण पुस्तकाला पोट सुटत न्हाई."

अविवाहित नणंदेला असंच बोलायचं असतं. सवय आहे.

३ मे

मुलींना आज घाम विचारला. घाम का येतो? उत्तर: अंगातली उष्णता पातळ होऊन बाहेर येते. पातळ होऊन! जणू उष्णता म्हणजे तूप! चांगुणाने पुढे जोडलं, "म्हणून तापात पांघरूण घालून घाम काढतात, बाई. जितका घाम तितका ताप गेला."

मी ओल्या फडक्याचा प्रयोग करून दाखवला. एका हातावर ओलं फडकं, वर पंख्याचा वारा. दुसऱ्या हातावर तेच फडकं, पण वर मेणकापड गुंडाळलेलं. कुठला हात गार झाला? वारा लागलेला. मेणकापडाखालचा हात भिजलेला, तरी गरमच. म्हणजे घाम आल्याने अंग गार होत नाही. घाम वाळला तर होतं. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो अंगातून घेतो. वाळायला वाराच नसेल तर घाम नुसता गळतो आणि माणूस आत तापत राहतं.

शिकवता शिकवता माझाच आवाज चढला. मुली घाबरल्या. त्यांना काय माहीत मी कुणाला सांगत होते!

वर्ग सुटल्यावर सरळ खोलीत शिरले. महानंदाची उशी पिळून निघावी इतकी भिजलेली. म्हणाली, "आत्या, डोकं लई दुखतंय." उमाबाई म्हणे, "गळू द्या घाम. बाळंतपणाची सगळी घाण निघती त्यानं." मी महानंदाला विचारलं, "तुला तरी माहीत आहे ना गं? तूच सांग आईला!" ती डोळे मिटून म्हणाली, "ते परीक्षेत असतंय, आत्या."

असा संताप आला! तिचा नव्हे. माझा. की दोघींचाही, कळत नाही.

४ मे

पाचवी पुजली. माझ्याशी कुणी बोलत नाही.

शुक्रवार, ६ मे

आज भांडण. मोठं.

महानंदाला ताप भरला. मी शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. माझ्या वाटणीच्या घागरीतलं पाणी घेऊन पंचा भिजवला, तिच्या कपाळावर ठेवणार, तर उमाबाईने माझा हात धरला. तिची नखं रुतली.

"ओलं फडकं? ओल्या बाळंतिणीला? मारायचंय का पोरीला?"

"मारते आहेस तू!" मी म्हणाले. असं म्हणायला नको होतं, पण म्हणाले.

ती तिथेच खाली बसली. मग तिने जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तिची धाकटी बहीण रत्नम्मा. निलंग्याला बाळंत झाली. उकाडा होता म्हणून उमाबाईनेच रात्री तिच्या कानाचं फडकं सोडलं, खिडकी उघडली. काही दिवसांत रत्नम्माचं तोंड उघडेना. दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं वाकलं, गेली. "वारं शिरलं, अक्का. माज्या हातानं शिरलं."

तो धनुर्वात. वाऱ्याने होत नाही, नाळ कापायच्या घाणेरड्या विळ्याने होतो. मी सांगितलं. अगदी नीट, हळू आवाजात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल. पण खिडकी म्याच उघडली होती."

संध्याकाळी अमृतरावाने डॉक्टर आणले. ते माझ्याकडे हात करून म्हणाले, जगदेवीबाई म्हणतात तेच बरोबर. खिडकी उघडी ठेवा, शेगडी नको, पाणी भरपूर, ताप वाढला तर उशीर न करता दवाखान्यात आणा. पुरुष डॉक्टर म्हणाला म्हणजे मग ते खरं! असो. शेगडी बाहेर राहिली.

७ मे

ताप उतरला. महानंदा तांब्याभर पाणी गटागटा प्यायली. बाळाला घेऊन बसली. "आत्या, हिचं नाव तुम्ही ठेवा," म्हणाली. आत्याने नाव ठेवायचं ते बाळाच्या आत्याने, तिच्या आईच्या आत्याने नव्हे, म्हटलं. हसली.

८ मे

नांदेडला विज्ञान शिक्षकांचं शिबिर आहे, उद्या आणि परवा. विषय उष्णता. मला महिन्यापूर्वीच बोलावणं आलं होतं. जाऊ की नको? महानंदाच म्हणाली, "जा आत्या, मी बरी हाय आता." अमृतरावाला बजावलं, शेगडी आत येऊ द्यायची नाही. तो म्हणाला, "हाव अक्का. तुम्ही निर्धास्त जा."

सोमवार, ९ मे. नांदेड

एस.टी.त धुळीने जीव गेला. वाटेत सगळी रानं उघडी, काळी, भेगाळलेली. मागचा पाऊस निम्माही पडला नाही.

शिक्षकांना तेच प्रश्न विचारले जे पोरींना विचारते. उत्तरंही तीच! डोक्यावर टोपी घातलेल्या एका गुरुजींनी सांगितलं, लोखंडी खांब लाकडापेक्षा थंड असतो, कारण "त्याची प्रकृतीच थंड." मी त्यांना सोडलं नाही. सभागृह हसत होतं. नंतर घामाचं समजावलं, ओल्या फडक्यासकट. टाळ्या झाल्या. मला विज्ञान शिकवणाऱ्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आज असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

मलाही वाटलं. लिहून ठेवते, लपवण्यात अर्थ नाही.

१० मे

दालमिलमधून शिबिराच्या ऑफिसात फोन आला. महानंदाची तब्येत बिघडली, लगेच निघा. एस.टी.ची वाट बघत स्टँडवर बसून लिहिते आहे.

११ मे

महानंदा नाही.

१३ मे

जे कळलं ते लिहून काढते. नाहीतर डोकं फुटेल.

मी गेले त्याच दुपारी वावटळ आली. खिडकीतून धूळ आत, बाळाला शिंका. उमाबाईने खिडकी लावली. मग चिंध्या. मग शेगडी. अमृतराव मिलमध्ये होता. संध्याकाळी त्याने पाहिलं, बोलला, उमाबाई रडली, तो गप्प बसला. त्याचं आयुष्य असंच गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप. घोंगडीवर घोंगडी. घाम लोटला. आणि दुपारी घाम थांबला. अंग कोरडं ठाक झालं. उमाबाई सरजाबाईला म्हणाली, "बघ, उतरला. आता झोपू दे." आणि दोघींनी दार ओढून घेतलं.

कोरडं झालं! अंगात गाळायला पाणीच उरलं नव्हतं! आत भट्टी पेटलेली आणि वर कोरडी कातडी. तेव्हाच उचलायला हवं होतं तिला. पाणी ओतायला हवं होतं, होतं नव्हतं तेवढं सगळं.

थोड्या वेळाने ती बडबडायला लागली. काहीबाही. मग झटके. जीप मिळवून दवाखान्यात नेलं तोवर एकशे आठच्या वर ताप. डॉक्टरांनी बर्फाच्या लाद्या मागवल्या. लाद्या पोचल्या, ती नव्हती.

मी वाटेत होते. अहमदपूरच्या अलीकडे एस.टी. पंक्चर झाली होती.

१४ मे

तिला बसवून माती दिली. बेल, विभूती. अमृतराव आल्यावर म्हणाला, "अक्का, वर पाय भाजत होते, खाली माती गार होती." एवढंच बोलला.

जावई, मन्मथ, कोपऱ्यात बसून आहे. बाळाला शेजारची एक बाळंतीण पाजते.

१५ मे

उमाबाई रडत नाही. सगळ्यांना चहा देते. मी तिच्याकडे बघू शकत नाही. तिच्या नावाची शिवगणाराधना होऊ दे. मग बोलणार आहे. एक शब्द गिळणार नाही.

शनिवार, २१ मे

शिवगणाराधना झाली. पाहुणे गेले.

आज सरजाबाई मागच्या दाराने आली होती. गल्लीतल्या बसलिंगप्पाच्या सुनेचे, मल्लम्माचे, दिवस भरले आहेत. त्यांच्याकडे शेगडी फुटकी आहे, म्हणून आमची मागायला आली! उमाबाई शेगडी काढून देत होती. मी मध्ये पडले. शेगडी माझ्या खोलीत आणून ठेवली. सरजाबाई पुटपुटत गेली, "वाईट वेळ आली म्हणून रीत सोडत्यात का कुणी."

म्हणजे कळलंच नाही कुणाला. उमाबाईलाही नाही! पोटची पोर मातीत घातली आणि कळलं नाही!

ठरलं. सोमवारी मुली येतील. ओट्यावर घामाचाच धडा पुन्हा घेणार. घाम थांबणं म्हणजे काय, बंद खोली म्हणजे काय. मोठ्याने. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. समोरासमोर सांगितलं तर रडून सोडवून घेईल. धडा चालू असताना कुठे पळेल?

सोमवार, २३ मे

मुली यायच्या आधीच उमाबाई ओट्यावर येऊन बसली. मांडीवर बाळ. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, एक इचारू? तुमी शिकलेल्या हाव. त्या दिवशी तिचा घाम थांबला, अंग कोरडं पडलं. मला वाटलं आराम पडला. म्हणून दार लावून घेतलं म्या. घाम थांबला ते चांगलं होतं का वाईट?"

बाळ झोपलं होतं.

"चांगलं," मी म्हणाले. "तुझा काही दोष नाही. ताप आतला होता."

महानंदा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

मुली आल्या. आज वर्ग नाही म्हणून परत पाठवल्या आणि तापमापक घेऊन मल्लम्माच्या घरी गेले.