घराची चौथी बाजू

६ जानेवारी २०२५
आले एकदाची. पांढरकवड्याच्या अलीकडचं एवढंसं गाव, अग्निशमनाची एक लाल गाडी, चार माणसं आणि त्यांची अधिकारी म्हणून मी. नागपूरच्या कोर्समध्ये पहिली आले होते, इथे थेट 'मॅडम' झाले. मजा वाटतेय. चालक भीमसिंगने तांड्यावरून घरचा खवा आणला होता. सर्वांत जुने पुंडलिकराव, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, फक्त नमस्कार करून बसले.

राहायला बबनरावांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत त्यांचा कापूस आढ्यापर्यंत रचलाय. भाव वाढला की विकणार, तोवर माझी ये-जा मागच्या दारानं. कापूस आतल्या आत चार-चार दिवस धुमसतो आणि पत्ता लागत नाही, असं सांगितलं तर म्हणाले, "इथं साऱ्याईच्याच घरात असते जी."

११ जानेवारी
पहिलीच आग, आणि डोकं फिरायची वेळ. गाडी थांबताच मंडळी पाइप ओढत सुटली. आग कुठे आहे, वारा कुठून येतो, आत माणसं किती, हे घराभोवती फिरून बघायला नको का? बघितल्या तरी तीनच बाजू बघतात, मागची चौथी सोडून देतात. काहून, म्हणून विचारलं, तर भीमसिंग म्हणाला, "पुंडलिकभाऊनं असंच शिकवलं मॅडम, मांगं जात नाही आमी." त्याला कारणही ठाऊक नाही.

शेवटी मीच मागे गेले. तिथे एक बाई उभी होती, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, अगदी शांत. आत एक म्हातारी आहे, न्हाणीत, एवढंच म्हणाली. दोन मिनिटांत म्हातारी बाहेर काढली. समोरच्या गर्दीतले वीस जण वीस गोष्टी सांगत होते. आभार मानायला वळले, तर बाई निघून गेलेली.

१२ जानेवारी
नियम लिहून भिंतीवर लावला. सर्वांत आधी मागची बाजू. तिथे घरचं माणूस असेल त्याला विचारायचं, आणि त्याचं उत्तर अखेरचं. आत कोणी नाही म्हटलं तर कापसाच्या घरात एकानेही शिरायचं नाही, शेजारची घरं वाचवायची. भीमसिंगकडून तीनदा म्हणवून घेतलं. पुंडलिकराव मान खाली घालून बसले. या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

१९ जानेवारी
दुसरी आग, बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. कुटार, म्हणजे गुरांसाठी साठवलेला भुसा, पेटून घराला लागलं. मागे तीच बाई. तेच लुगडं. नात्यातली असेल, पाहुणी आली असेल, असं मी मनाला समजावलं.

आत कोणी नाही, म्हणाली.

मी कोणाला आत सोडलं नाही. छप्पर बसलं. संध्याकाळी त्या घरचे सदाशिवराव सापडले, दाराच्या आतल्या अंगाला. पुतण्या विचारत होता, तुम्हाला सांगितलं कोणी. मागच्या बाईनं, म्हटलं. तो म्हणाला, काका एकटेच राहायचे, त्या घरात बाई नाहीच.

२० जानेवारी
आज पुंडलिकरावांचं तोंड उघडलं. अकरा वर्षांपूर्वी एका आगीत तानाबाई नावाची बाई आपल्या घराच्या मागे उभी राहून ओरडत होती, पोरगी आत आहे म्हणून. पुढची गर्दी म्हणाली आत कोणी नाही, आणि यांनी तेच धरलं. मागे कोणी गेलंच नाही. शेवटी ती एकटी आत शिरली. दोघीही गेल्या. तेव्हापासून ती दर आगीला मागे उभी असते. "एकडाव खरं सांगते मॅडम, आपला इश्वास बसावा म्हणून. मंग नाही सांगत."

हे आधी सांगायला काय झालं होतं? ओरडले त्यांच्यावर. ते म्हणाले, तुम्ही ऐकलं असतं काय. नसतं ऐकलं, तेच जास्त झोंबलं. रात्री पुंडलिकराव सामान घेऊन रजेवर गेले.

२२ जानेवारी
नियम काढायचा आहे. पण लिहू काय? भुताच्या भीतीने आदेश रद्द? उद्या यवतमाळला सदाशिवरावांच्या मृत्यूची चौकशी आहे, तिथेही हेच सांगू? आधी चौकशी उरकते. आल्यावर भीमसिंगशी नीट बोलेन. उद्या दिवसभर नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

२३ जानेवारी, दुपार
अंगात ताप. गेले नाही. स्टेशनला कळवायचं राहिलं, तशीच झोपले.

धुराने जाग आली. बबनरावांचा कापूस. मधली खोली धुराने भरलीय, फोन तिथेच —

मागचं दार उघडत नाही. बाहेरून कडी. मी कशी लावीन —

मोरीत आहे. दाराखाली ओला टॉवेल. बादलीवर चढून जाळीतून पाहिलं. हिरवं लुगडं. पाठमोरी.

सायरन. आले!

भीमसिंग पुढे थांबलाच नाही. थेट मागे आला. शिकवलं तसं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा —

हाका मारतेय. पंपाच्या आवाजात पोचत नाहीत —

तो तिला विचारतोय. त्याला वाटतंय मी यवतमाळला —

वही मोरीच्या भोकातून ढकलणार. पुढचा जो कोणी येईल त्याने नियम आधी फाड —

तिने मान हलवली. नाही म्हणाली.

पाइप शेजारच्या घराकडे वळला. बरोबर केलं. मीच सांगितलं होतं.

भीमसिंग, कडी बघ. ती कडी बाहेरून —