सदरा उलटा घातला होता

९ मे, शुक्रवार

ब्लास गेला!

भाला टाकला, नेमका लागला. देवमासा खाली निघाला, दोरी सरसर सुटली आणि त्याच्या पायात अडकली. त्यालाही घेऊन गेला. पुढचं लिहवत नाही.

१० मे, शनिवार

अजून सापडला नाही. दिवसभर किनाऱ्यावर बसले. सासूबाई शेजारी—सगळं गाव त्यांना इना म्हणतं, मीही. रडल्या नाहीत. एकच विचारत राहिल्या, 'पाणी गार असेल का गं?'

देवा, तू तिथेच होतास ना? दोरी बोटभर बाजूला सरकवायची होती. एवढंच तर होतं!

१२ मे, सोमवार

शंख पुरला. जो सापडत नाही त्याच्या पेटीत आमच्याकडे शंख ठेवतात. मी त्याचा रविवारचा सदराही ठेवला. फादर लांबेर्त म्हणाले, देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत. कळत नाहीत तर सांगता कशाला!

संध्याकाळी गोरिस काका आले, आमच्या होडीचे तांडेल. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, 'व्हेरो, त्या पहाटे घरात काही झालं होतं का?'

काय विचारतायत ते लगेच कळलं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे—होडीवरच्या कुणाच्याही घरात भांडण झालं की दोरी भाला टाकणाऱ्यावर उलटते.

'हसत होते मी, काका. त्यानं सदरा उलटा घातला होता.'

'नीट आठवून बघ, पोरी.'

'त्यात आठवायचं काय?'

इना आतून ओरडल्या, 'मी होते ना घरात! दोघं नुसती खिदळत होती. जा घरी, गोरिस!'

१३ मे

आज देवाशीसुद्धा बोलणार नाही.

१५ मे, गुरुवार

होडी छपराखालीच. घरात भांडण झाल्याचं कुणीतरी कबूल करेपर्यंत ती पाण्यात लोटायची नाही, अशी रीत. खलाशांचं आपापल्या बायकांना विचारून झालं. सगळ्याजणी म्हणाल्या, आम्ही नाही. राहिले मी. लोक माझ्याकडे वाईट नजरेनं बघत नाहीत, प्रेमानं बघतात, आणि तेच सोसत नाही.

विहिरीवर लुसिया, आमच्याच एका खलाशाची बायको, म्हणाली, 'सांगून टाक गं. मन हलकं होईल.' मन हलकं! तिचा नवरा घरी लोळत पडलाय. जिवंत!

१७ मे, शनिवार

डोंगरातल्या लोकांचा बाजार. आम्ही सुकं मांस न्यायचं, त्यांनी मका द्यायचा. मांस कुठून आणू? मीठ नेलं. मिठाला कोण विचारतं! ओंजळभर मका पदरात पडला. काकांची सूनही मीठच घेऊन बसली होती. सातवा महिना लागलाय तिला, चेहरा पार उतरलाय. आम्ही एकमेकींकडे बघणं टाळलं.

१८ मे, रविवार

मिस्सा संपल्यावर फादरना गाठलं. सरळच विचारलं, 'देव चांगला आहे ना? मग हे का?'

एरवी किती बोलतात! आज देवळाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, 'मला माहीत नाही, व्हेरो. भांडणामुळे नाही, एवढं माहीत आहे. तो क्रुसावर गेला, तो काय घरी भांडून आला होता?'

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं. थोडं रडले. बरं वाटलं.

पण घरी येईपर्यंत ते बरं वाटणं विरून गेलं. काकांच्या देवाकडे निदान कारण आहे. फादरांचा देव माझ्याबरोबर रडेल, माझ्याइतकाच रडेल, हे पटतं मला. पण दोरी? ती का नाही सोडवली त्यानं? रडणारे काय, किनारा भरून होते.

२० मे, मंगळवार

सकाळी आरोळी उठली—'बालेओ! बालेओ!' देवमासे आले! इतके जवळ की त्यांचे फवारे माझ्या दारातून दिसत होते. बाकीच्या होड्या सुटल्या. आमचे खलाशी वाळूत हात बांधून उभे. काकांची सून पोट धरून बसलेली.

मी उठले आणि छपराखाली गेले. होडीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'मी भांडले त्याच्याशी. नाही नाही ते बोलले.'

कुणी रागावलं नाही. बायकांनी मिठ्या मारल्या. लुसिया तर हुंदके देत होती. काकांनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं, मग माझ्या डोक्यावर. इतके मोकळे झाले सगळे! मला त्यांचा हेवा वाटला.

फादर धावत आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'हे खोटं आहे, व्हेरो. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.'

'मग यांना द्यायला तुमच्याकडे दुसरं काय आहे, फादर?'

इना दूर उभ्या होत्या. त्या घराकडे वळल्या.

२१ मे, बुधवार

देवमासा मिळाला. आमच्या होडीला, आणि पहिल्याच खेपेला! किनाऱ्यावर गाणी चालली आहेत. काकांनी पहिला वाटा आणून आमच्या दारात ठेवला. 'बघ, पोरी. देव ऐकतो.'

इना त्या मांसाकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, 'मला हल्ली ऐकू कमी येतं गं. तू बोलली असशील काहीतरी.'

तेव्हापासून आठवतेय. त्यानं सदरा उलटा घातला होता. मी हसले. मग काहीतरी म्हणाले त्याला.

काय म्हणाले होते मी?