तिसऱ्याकडे बघून बोलणं

माय, मी आणि हे सध्या धुळ्याला एका बाईंकडे जातो. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला शिकवतात त्या. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि या ओळीवर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. यात शिकवायचं काय असतं, असं विचारलं असतंस. मलाही तेच कोडं पडलं होतं. लहानपणी मी फार प्रश्न विचारायचे म्हणून तू मला फौजदारीण म्हणायचीस. शाळेत विज्ञान शिकवून शिकवून ती खोड आणखी वाढली. त्यामुळे रागापेक्षा मला कुतूहलच जास्त होतं, की या बाई नेमकं करतात तरी काय.

झालं असं, की यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांनी तिथे खोली घेतली. मी इथे पिंप्राळ्यात. आधी दर शनिवारी यायचे, मग एक शनिवार सोडून, मग काम आहे म्हणून. आले तरी बोलणं काय, तर गॅस लावला का, लाइट बिल भरलं का. बाकीचं सगळं पोरीमार्फत. ती नोकरीला पुण्यात, तरी मी तिला फोन करून विचारणार, पप्पा या शनिवारी येताहेत का, आणि हे तिच्याकडूनच मला कळवणार. आमच्यात भांडण म्हणावं असं काही नव्हतं. भांडायलासुद्धा समोर बसावं लागतं. मग दिवाळीनंतर एकदा जेवता जेवता हे म्हणाले, धुळ्यातच फ्लॅट घेऊ म्हणतो, तू इथे राहा, मी तिथे राहीन, कुणाला त्रास नको. मी म्हटलं, घ्या की. भाजी वाढली. पोरीला कळलं तेव्हा ती फोनवर इतकी चिडली. म्हणाली, आजपासून माझ्याकडे निरोप द्यायचा नाही, तुमचं तुम्ही बघा. या बाईंचा नंबर तिनेच दिला. मला वाटलं हे उडवून लावतील. पण वेळ यांनीच घेतली. का घेतली असेल, याचा मी एसटीत अमळनेर येईपर्यंत विचार करत होते.

धुळ्यात देवपूरला खाली दातांचा दवाखाना आहे, वर बाईंची खोली. मला बरंच झालं. शेजारणीला दाढ दुखते म्हणून सांगून टाकलं, तर तिने लवंगा दिल्या, आणि त्या मी मुकाट्याने चघळत गेले. बाई शिंदखेड्याकडच्या, पस्तिशीतल्या, साध्या. बसल्याबरोबर मी विचारलं, तुमचं लग्न झालंय का. हसल्या, झालंय म्हणाल्या. मग मी सुरू झाले. मॅडम, यांना विचारा, शनिवारी येऊन हे करतात काय, टीव्ही बघायला येतात का. हे म्हणाले, मॅडम, हिला सांगा, मी आलो तरी हिला काही फरक पडत नाही. असं बराच वेळ चाललं. यांना विचारा, हिला सांगा. बाई मान डोलवत ऐकत होत्या. मग उठल्या, आपली खुर्ची उचलून खिडकीशी नेली आणि बाहेर तोंड करून बसल्या. म्हणाल्या, मी ऐकतेय, पण आता मला सांगू नका, एकमेकांना सांगा. माय, हे पंख्याकडे बघताहेत, मी चपलांकडे. एवढी वर्षं संसार केला आणि मधलं माणूस उठून गेल्यावर आम्हाला एक वाक्य सुचेना.

परत येताना मला आपला स्वयंपाकघराचा उंबरा दिसायला लागला. मी उंबऱ्यात बसलेय, आजोबा ओट्यावर, आजी जात्याशी. तू भाकरी थापताना मला म्हणतेस, तुना आबाले सांग, ताट वाढेल शे. आबा तीन हातांवर बसलेले, त्यांना ऐकू आलेलंच असतं. तरी मी त्यांच्याकडे वळून म्हणते, आबा, ताट वाढलंय. तेही मलाच म्हणतात, तुनी मायले सांग, आज सोनगीरले जानं शे, उशीर व्हई. मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही रीत. यांच्याकडे, रावेरच्या केळीवाल्या घरात, तर पोरांची पलटण, त्यामुळे निरोप्यांना तोटाच नव्हता. हे सांगतात की आईवडिलांना एका खाटेवर बसलेलं त्यांनी कधी पाहिलंच नाही. आमच्या पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांत ना सासू ना सासरे, कुणाची म्हणून मर्यादा ठेवायची नाही. तरी आम्ही दोघांनी मध्ये पोर बसवली आणि तिच्याकडे बघून संसार केला. कुणी सांगितलं होतं आम्हाला? कुणीच नाही. आम्हाला वाटलं, असंच बोलतात.

पण मला दुसरा एक दिवस आठवला आणि त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले. कापूस वेचणीचे दिवस होते. मास्तर आजारी म्हणून शाळा लवकर सुटली आणि मी घरी न जाता शेतात आले. बांधाच्या पलीकडे तू पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजतेयस. आबा शेजारी उकिडवे बसलेत. आणि तू बोलतेयस, माय. मध्ये कुणी नाही, थेट आबांशी, हात नाचवून, कुणाची तरी नक्कल करून. आबा हसताहेत. आबांना दात दाखवून हसताना मी तेव्हाच पाहिलं. तू एका वांग्याची साल काढलीस, फुंकर घातलीस आणि त्यांच्या हातावर ठेवलंस. मग तुम्हाला मी दिसले. तू पदर सावरलास आणि मला म्हणालीस, तुना आबाले सांग, पानी आनी ठेवेल शे. जसं काही झालंच नाही.

काय बोलत होतीस गं? इतके प्रश्न विचारले तुला, पण हा नाही विचारला. तेव्हा वाटलं, मोठ्यांचं काहीतरी असेल. आता वाटतं, तुमच्याकडे चारचौघांतलं एक बोलणं होतं आणि आडोशाचं वेगळं होतं. मला उंबऱ्यात बसून फक्त चारचौघांतलं ऐकू आलं. तेवढंच मी उचललं आणि तेवढ्यावरच संसार मांडला. हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग शेतातलंही तुम्ही पाहिलंय की. बाई हुशार आहेत.

परवाच्या खेपेला त्यांनी एक गंमत करायला लावली. एकाने बोलायचं, दुसऱ्याने जे ऐकलं तेवढंच परत म्हणायचं, वर फोडणी नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "शनिवारी मी दारात येतो तेव्हा तू आधी पिशवीकडे बघतेस. माझ्याकडे बघत नाहीस. मी जिना चढताना दर वेळी ठरवतो, आज बघेल." मी म्हटलं, तुम्ही दारात येता तेव्हा मी पिशवीकडे बघते, पण त्यातलं दूध नासतं म्हणून. बाई म्हणाल्या, पण नको. माझा तिळपापड झाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तो पण आलाच. तिसऱ्यांदा फक्त यांचं वाक्य म्हटलं, आणि "आज बघेल" म्हणताना माझा आवाज फुटला. जिना चढणारा हा माणूस माझ्या ओळखीचाच नव्हता. मग माझी पाळी आली, तर मी गॅसच्या शेगडीचं काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, असू दे, घरी सांगा. शनिवारी जेवणाआधी समोरासमोर बसा आणि एकच गोष्ट सांगा. फ्लॅटच्या इसाराचं तोवर लांबवा. हे हो म्हणाले.

आज शनिवार आहे. दार उघडल्यावर मी पिशवीकडे पाहिलं नाही. हे बरेच वाळलेत गं, केस कापायला हवेत. आता गॅलरीत बसलेत. दोन खुर्च्या त्यांनीच मांडल्या, मग आत डोकावून मला विचारलं, तुझं लिहून झालं का. मला सांगायचंय ते एवढंच आहे, की हे खोली घेऊन गेले त्या दिवशी मी सगळ्यांना म्हटलं, बरं झालं, घर मोकळं झालं, आणि मग त्यांचा धुतलेला शर्ट पुन्हा धुवायला काढून दोरीवर वाळत घातला, कुणी घरात आहे असं दिसावं म्हणून. फ्लॅट घेऊ नका, मला एकटीला करमत नाही. झालं, एवढंच. पण बघ ना, माय, हे मी यांना सोडून तुला सांगत बसलेय. तुलाच मध्ये बसवलं मी.

तेव्हा हे इथेच ठेवते आणि उठते. मघाशीच साडी बदलली, वेणी पुन्हा घातली, तरी पाय उचलत नाही. कुणाला सांगू नकोस, पण एवढ्या वर्षांनी मला माझ्याच नवऱ्याची लाज वाटतेय.