‘पिंग’ला उत्तर नाही

मंगळवार, संध्याकाळ. कुवेंपुनगर.

सुट्टीच्या आठवड्यात माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे सर्व्हर चालू आहे का ते तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, कॉलेजच्या सर्व्हरपुढे रोज लाल ‘बंद’ लिहिलं. मी ते तसंच प्राचार्यांना कळवलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या मंजुनाथचं कंत्राट त्यावरून अडलं. आज तो म्हणाला, “मॅडम, सर्व्हर चालूच होता. सुरक्षेसाठी ‘पिंग’ला, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणाऱ्या संदेशाला, उत्तर देणं मीच बंद केलंय. वेबसाइट उघडून पाहिलीत का?”

नव्हती पाहिली. एकदाही! त्या लाल शब्दावर एवढा विश्वास कसा ठेवला मी?

त्याच्यासमोरच स्क्रिप्ट बदलली. आता ती पिंग न करता थेट वेबसाइटचं पान मागते. लगेच हिरवं ‘चालू’ आलं. मग प्राचार्यांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. उद्या कंत्राटावर सही करतो म्हणाले.

मंजुनाथ हसला. “पर्वागिल्ला मॅडम, चालतंय. आठवडाभर मीपण लाल ‘बंद’च होतो बघा.”