आकडा किती, आजी?

ता. १४, मंगळवार, दुपार

चि. इंजिनेर यास,

आजीचा आशीर्वाद. हवा असला तर घे.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, दात दोनच उरलेत, जीभ शाबूत आहे. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून पत्र लिहितेय. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच. चार दिवस तुझे फोन का घेतले नाहीत तेही यात येईल.

आधी तुझ्या लाडक्याचं. कंप्युटरचं ते मशीन गार आहे. निघताना तू बजावलं होतंस, कंपनीनं दिलंय त्याहून जोरात पळवतोय, आकडा नव्वदच्या वर गेला तर जळेल. घरचं नेट बंद, तुला तिथून दिसेना, म्हणून डब्यावर आकडा दाखवणारं चिटुकलं यंत्र चिकटवून मला राखणीला बसवलंस. बसले. बाजूचं झाकण काढलं, ब्रशनं धूळ काढली, घरातला एकुलता टेबलपंखा समोर लावला. एकाहत्तरवर आणलं. तुझा बाप, होता तेव्हा, तापानं फणफणला तरी मी एवढी बसले नव्हते.

मागच्या सोमवारी तुला म्हटलं, आजोबा खालावलेत, डॉक्टर नुसती मान हलवतो, येऊन जा. तू म्हणालास, "अगं, मशीनचं काम रविवारी संपतंय, मग येतोच. आकडा किती आहे?"

मंगळवारी फोन आला तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते. हात खरकटे, म्हणून फोन मोठ्या आवाजावर. त्यांच्या बोटाला नर्सबाईनं ठोके मोजायची चिमटी लावलेली. तू म्हणालास, "आकडा किती, आजी?" मला वाटलं, चला, पोराला अक्कल आली. चिमटीकडे बघून सांगितलं, अठ्ठ्याण्णव.

"बापरे! पंखा जवळ घे. खिडक्या उघड. एकटं सोडू नकोस, दर पाच मिनिटांनी बघ!"

आजोबांनी डोळे उघडले. "इंजिनेर घाबरलाय गं माझ्यासाठी."

तेवढ्यात तू 'झाकण' म्हणालास आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. खरकट्या हातानं मोठा आवाज बंद केला नि फोन कानाला लावला. पुढचं त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी चांगलाच अर्थ काढला असता. तुझ्या बाबतीत ते पहिल्यापासून आंधळे.

मग पंखा उचलून त्यांच्याकडे नेला. जवळ घे, तूच म्हणालास. बिनपंख्याचं मशीन भणभणायला लागलं, तशी भिंतीतून वायर उपटली. त्यात तुझं जे काम होतं ते मंगळवारीच गेलं. त्यानंतर तुला दिलेला प्रत्येक आकडा आजोबांचा.

गुरुवारी एकशे अठरा म्हटल्यावर तू रडकुंडीला आलास. "रजा टाकतो, उद्या सकाळची गाडी पकडतो!" आजोबांसाठी नसलेली रजा मशीनसाठी निघाली. त्यांना एवढंच सांगितलं, येतोय. त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली आणि उशी दाराच्या बाजूला ठेवायला लावली.

शुक्रवारी सकाळी आकडा उतरायला लागला. साठ, मग सेहेचाळीस. तू स्टेशनावरून बोलत होतास. "सेहेचाळीस? आजी, जिंकलीस! मग येत नाही आता, इथूनच परत फिरतो."

मला तोंड उघडता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. उघडलं नाही. बघायचं होतं, तुला आठवतं का घरात आणखी कुणी आहे. हा दोष माझा, नाकारत नाही.

"काय म्हणतो?" आजोबांनी विचारलं.

"गाडीत बसला."

गाडी चार तासांची. दुपारनंतर त्यांनी विचारलं की 'लेट झालीय' म्हणत राहिले. ते संध्याकाळी सहाला गेले. चिमटीवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या, तरी मी पाच मिनिटं बघत बसले. शेजारचा सुतार, नर्सबाई आणि मी, तिघांनी मिळून उरकलं. दाराकडे बघत, खुशीत गेले. ती खुशी माझ्या खोटेपणाची कमाई आहे, तुला त्यातलं नखभर मिळणार नाही.

पंखा आता रिकामा आहे. मशीन होतं तिथंच आहे, झाकण उघडं. येशील तेव्हा हात लावून बघ, किती गार पडलंय. घाई करू नकोस.

चिमटी नर्सबाई न्यायला विसरली. आत्ता माझ्या बोटाला लावलीये. आकडा सांगत नाही.

तुझ्या राखणीतून सुटलेली,
आजी