मानेतली पितळी तार

तीर्थरूप माधवदादा यांस,

चंदीगडहून हृषीकेशचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तितकाच). तुझी शुगर काय म्हणते? वहिनींची कंबर? आम्ही तिघं बरे आहोत. थंडी आहे. ऊन अकरानंतर गच्चीत येतं आणि दोन तास मांजरासारखं पडून राहतं. त्या दोन तासांत मी मुंडकी बसवतो.

घाबरू नकोस. टेबलावर फासे टाकून लढाई खेळायचे सैनिक असतात, बोटाच्या दोन पेरांएवढे. बाजारात मिळतात ते सगळे परदेशी टोपीवाले. मला हवी मराठी फौज, म्हणून टोपीचं डोकं कापून पागोट्याचं बसवतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. (लोक नुसत्या गोंदावर भागवतात. त्यांची डोकी लढाईआधीच घरंगळतात.) मान कानशीने सपाट करायची, मधोमध शाईचा ठिपका द्यायचा आणि डोकं टेकवायचं, म्हणजे ठिपका डोक्यालाही उमटतो. दोन्हीकडे हाताच्या ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरचं भोक, त्यात पितळी तार, वर दोन नळ्यांतलं एपॉक्सी. मग ते धरेपर्यंत डोकं दोन बोटांत पकडून बसायचं. तुमच्याकडे पाच मिनिटं पुरतील, इथल्या गारठ्यात वीस लागतात.

त्या वीस मिनिटांत, दादा, माणूस कुठच्या कुठे जातो. गच्चीतून बस अड्ड्याचा रस्ता दिसतो. दिल्लीहून आलेली माणसं बॅगा ओढत आमच्या बावीस सेक्टरात शिरतात. खाली रस्त्यावर उरलेल्या धुक्यात आधी नुसते मफलर दिसतात, मग त्यांच्याखाली माणसं उमटतात. मला मात्र आपला दिवाळीचा किल्ला दिसतो, अळीव पेरलेला, बुरुजावर मातीचा तुतारीवाला. त्याचं मुंडकं तू उडवलंस, त्या भांडणाची वाटणीही दिसते: मुंडकं तुला, धड मला. धड कापसात गुंडाळून मी अकरा बदल्यांमधून फिरवलंय. आईच्या वर्षश्राद्धाला आपण चार शब्द बोललो, त्याला सहा वर्षं झाली.

रविवारी पंचकुल्याचे ढिल्लोंसाहेब (निवृत्त इंजिनिअर, माझे कायमचे शत्रू) खेळायला आले. मी अकरा सैनिक रांगेत मांडले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे म्हणाले, "देवधरजी, आपकी फौज दुश्मन को नहीं, बस अड्डे को देख रही है."

खरंच. अकराच्या अकरा माना उजवीकडे. एकाच गोल तारेवर डोकं फिरतं, आणि मी जिकडे बघत होतो तिकडे माझी बोटंही वळत होती. रेवाने एकाचं डोकं पिरगाळून बघितलं, हललं नाही. "बाबा, मज़बूत तो बहुत हैं," म्हणाली. रत्नप्रभा रस्त्याकडे बघून आत चहा टाकायला गेली. आता मी दोन तारा घालतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
हृषीकेश

ता. क. तुतारीवाल्याचं मुंडकं अजून तुझ्याकडे असेल तर मला हवंय. मध्ये शहाणपणा करून भाताच्या शिताने काही चिकटवू नकोस.

पुन्हा ता. क. कुरिअरने नको, माती आहे. तूच घेऊन ये. दिल्लीहून बस मिळते. मफलर आण.

आणखी एक. मुंडकं तू उडवलं नव्हतंस. ते माझ्या हातून पडलं, आईला मी तुझं नाव सांगितलं आणि मार तू खाल्लास. हे समोर सांगणार होतो, पण तू आलास की मी पितळी तारेबद्दलच बोलत बसेन, म्हणून लिहून टाकलं. अकराजणांच्या माना अजून सरळ केलेल्या नाहीत. तू येईपर्यंत असू देत.